दुहेरी अंध, यादृच्छिक आणि 'दुसरा हात': क्लिनिकल ट्रायलच्या संमतीपत्रांतील मराठी

खडूफळा

नमस्कार. एकतीस वर्षे मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर माणसांवरील औषधचाचण्या (क्लिनिकल ट्रायल) नीतीने होतात का हे पाहणाऱ्या, एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर 'सामान्य नागरिक' म्हणून माझी नेमणूक झाली. हे बिरुद मी स्वतः लावून घेतलेले नाही, ते नियमातच आहे. नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल यांच्याविषयीच्या २०१९ च्या नियमांनुसार अशा समितीत किमान सात सदस्य लागतात. त्यांत एक कायदा जाणणारा, किमान एक स्त्री आणि वैद्यकातले काहीही कळत नसलेला माझ्यासारखा एक जण असावा लागतो, आणि निम्मे तरी सदस्य संस्थेबाहेरचे असावे लागतात. गणपूर्तीच्या पाच जणांत सामान्य नागरिक नसला तर बैठक होत नाही, त्यामुळे माझ्या साध्या तापापायी एकदा तीन प्राध्यापक डॉक्टरांना परत जावे लागले होते.

माझ्याकडे मुख्यतः रुग्णांना द्यायचे माहितीपत्रक आणि संमतीपत्र यांचे मराठी वाचण्याचे काम येते. मूळ मसुदा इंग्रजीत असतो. त्याचे मराठी दुसऱ्या कुठल्यातरी शहरातील भाषांतरसंस्था करते. मग दुसराच माणूस त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करतो आणि दोन्ही इंग्रजी मजकूर जुळले की प्रमाणपत्र जोडले जाते. या उलट-भाषांतराच्या पद्धतीवर सर्वांचा मोठा विश्वास आहे. माझा अनुभव असा की मराठी जितके वाईट, तितके ते इंग्रजीत बिनचूक परत जाते. गेल्या दोन वर्षांत मी वाचलेली, प्रमाणपत्रासह आलेली तीन वाक्ये पाहा: 'आपण या अभ्यासाचे विषय आहात.' 'हा अभ्यास दुहेरी अंध आहे.' 'आपणास यादृच्छिकपणे दोनपैकी एका हातामध्ये ठेवले जाईल.' ('यादृच्छिक' म्हणजे रँडम, कोणाच्याही निवडीविना; 'हात' म्हणजे इंग्रजीतला 'आर्म', अभ्यासातला गट.)

संमती कशी घेतली जाते, हे समितीच्या सदस्याला समोर बसून पाहता येते. एकदा मी असा बसलो असताना पन्नाशीच्या एक बाई मुलीसोबत आल्या होत्या. समन्वयक सिस्टर वाचून दाखवत होत्या आणि 'दुहेरी अंध' हे शब्द आल्यावर बाईंनी त्यांना हाताने थांबवून विचारले, "डोळ्यांना तर काही होणार नाही ना?" सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या की तसे काही नसते, कोणाला कोणते औषध मिळाले हे रुग्णालाही सांगत नाहीत आणि डॉक्टरांनाही. हे उत्तर उत्तम होते. ते छापील कागदावर का नव्हते, असे मी नंतर विचारले, तर 'कागद मंजूर झालेला आहे' असे उत्तर आले.

खरी अडचण त्यानंतर दिसली. सर्व वाचून झाले, शंका विचारून झाल्या, सही झाली, आणि उठता उठता बाई म्हणाल्या, "मग डॉक्टरांनी माझ्यासाठी दोन्हीतले कोणते औषध बरे ठरवले?" अर्ध्या तासाच्या त्या वाचनात जी एक गोष्ट कळायला हवी होती, तीच कळली नव्हती. त्यांचे औषध डॉक्टर ठरवणार नव्हते. ते संगणक ठरवणार होता, आणि तेही त्यांची प्रकृती पाहून नव्हे.

म्हणून हा धागा. 'यादृच्छिक' या शब्दाला, निदान संमतीपत्रापुरता, दुसरा कोणता मराठी शब्द वापरावा? आणि शब्द बदलल्याने हा गैरसमज दूर होईल की तो शब्दापलीकडचा आहे? जाणकारांनी आणि ज्यांच्या घरी असा कागद आला आहे त्यांनी अवश्य लिहावे.

पाणपोई

सर, तुमचा धागा नेमक्या वेळी आला. माझ्या वडिलांना गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग आहे आणि आजार पुढच्या टप्प्यात असल्यामुळे शस्त्रक्रिया होणार नाही असे सांगितले आहे. मागच्या आठवड्यात त्यांना एका ट्रायलमध्ये सहभागी होण्याविषयी विचारले गेले. घरी आणलेला कागद बावीस पानांचा आहे. त्यात 'तिसरा टप्पा', 'प्रमाणित उपचार', 'प्रायोजक' आणि 'गंभीर प्रतिकूल घटना' असे शब्द आहेत. वडील एसटीत कंडक्टर होते, रोज वर्तमानपत्र वाचतात, तरीही 'प्रमाणित उपचार' म्हणजे सरकारचे प्रमाणपत्र मिळालेले उपचार, आणि दुसरे म्हणजे प्रमाणपत्र नसलेले, असा अर्थ त्यांनी लावला आहे. काका म्हणतात की गरिबाला उंदीर करण्याचा हा प्रकार आहे. आत्या म्हणते की नवे औषध फुकट मिळते आहे तर नाही कशाला म्हणायचे. निर्णयाला दहा दिवस आहेत. मला कोणीतरी 'घ्या' किंवा 'घेऊ नका' असे सांगावे अशी अपेक्षा नाही, पण नेमके काय विचारावे हे सांगितल्यास उपकार होतील.

संख्यारेषा

मी संख्याशास्त्रज्ञ असून परदेशात याच क्षेत्रात काम करतो. 'यादृच्छिक' हा शब्द मलाही आवडत नाही, परंतु त्यामागील कल्पना शब्दाइतकी अवघड नाही. डॉक्टरांनी स्वतः निवड केली तर नकळत का होईना, धडधाकट रुग्णाला नवे औषध दिले जाते आणि अशक्त रुग्णाला जुने. पुढे नव्या औषधाचे रुग्ण अधिक जगले तर ते औषधामुळे की मुळातच धडधाकट असल्यामुळे, हे कोणालाच सांगता येत नाही. निवड माणसाच्या हातून काढून घेतली की वय, वजन, व्यसन, घरची परिस्थिती आणि आपल्याला ठाऊकही नसलेल्या शेकडो गोष्टी दोन्ही गटांत साधारण सारख्या वाटल्या जातात.

यातील सर्वांत प्रसिद्ध जुने उदाहरण ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनचे आहे. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात फुप्फुसाच्या क्षयाचे १०७ रुग्ण होते. ब्रॅडफर्ड हिल यांनी आखलेल्या क्रमानुसार बंद लिफाफे तयार केले होते आणि रुग्ण दाखल झाला की लिफाफा उघडून त्याचा गट ठरत असे. ५५ जणांना औषध व पूर्ण विश्रांती आणि ५२ जणांना केवळ विश्रांती मिळाली. सहा महिन्यांत पहिल्या गटातील ४ आणि दुसऱ्या गटातील १४ रुग्ण दगावले. औषधाचा साठाच इतका तुटपुंजा होता की सर्वांना देणे शक्य नव्हते, म्हणून वाटप लिफाफ्यांवर सोपवणे त्या काळच्या लोकांना न्याय्यही वाटले.

आणि आता या धाग्याशी संबंध असलेली बाब: ज्यांना केवळ विश्रांती मिळाली त्या रुग्णांना आपण कुठल्या अभ्यासात आहोत हे सांगितलेच नव्हते. त्यामुळे भाषेचा प्रश्नच उद्भवला नाही. आज आपण ज्या कागदावर वाद घालतो आहोत तो कागदच तेव्हा अस्तित्वात नव्हता.

शब्दाविषयी म्हणाल तर माझे मत 'सोडत' या शब्दाला. सर्वांना कळतो, सरकारी आहे, आणि त्यात कोणाचा हात नसतो हेही गृहीत असते.

खडूफळा

संख्यारेषा, 'सोडत' मी बैठकीत सुचवून पाहिला आहे. आमच्या समितीतील वकीलबाई म्हणाल्या की सोडत म्हटले की लोकांना म्हाडाचे घर आठवते. ज्याचे नाव निघाले तो नशीबवान आणि ज्याचे राहिले तो दुर्दैवी. मग दुसऱ्या गटात गेलेला माणूस सहीच्या दिवसापासूनच आपण हरलो असे समजू लागतो, आणि ट्रायल करायचे कारणच मुळी हे की कोणता गट नशीबवान हे कोणाला ठाऊक नाही. 'लॉटरी'चेही तेच. 'नाणेफेक' मला बरा वाटला होता, पण त्यातही कोणीतरी नाणेफेक जिंकतेच.

मांडवीतीर

गोव्यातून लिहितो आहे. आमच्या शेजारी राहणाऱ्या आजोबांना असेच समजावून सांगत असताना ते स्वतःच म्हणाले, "म्हणजे कौल लावल्यासारखे." सर्वांनी मान डोलावली आणि विषय संपला. मला मात्र नंतर धास्ती वाटली, कारण आमच्याकडे कौल म्हणजे देवाने दिलेले उत्तर. उजवा प्रसाद झाला तर शंका उरत नाही आणि डावा झाला तर ते काम करायचे नसते. ज्याला देवानेच एका गटात घातले आहे, तो उलट्या होऊ लागल्या तरी 'मला बाहेर पडायचे आहे' असे कसा म्हणेल?

खडूफळा

मांडवीतीर, हा मुद्दा माझ्या ध्यानीमनीही नव्हता. जपून ठेवतो.

सीनाकाठ

माझे गाव धाराशिव जिल्ह्यात आहे, पूर्वी तो उस्मानाबाद जिल्हा होता. या विषयावर कोणी लिहिले की मला आमच्याच जिल्ह्यात झालेला अभ्यास आठवतो, कारण तो औषधाचा नव्हता, तपासणीचा होता, आणि तपासणीच्या ट्रायलबद्दल फारसे कोणी बोलत नाही.

गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग लवकर पकडण्यासाठी तीन पद्धती होत्या. पहिली पॅपची, म्हणजे पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्याची. दुसरी व्हिनेगरची, म्हणजे सौम्य आम्ल लावून पांढरा डाग दिसतो का हे नुसत्या डोळ्यांनी पाहण्याची. तिसरी एचपीव्ही या विषाणूची चाचणी. यांपैकी कोणत्या तपासणीमुळे मृत्यू खरोखर कमी होतात, हे ठरवण्यासाठी बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आणि फ्रान्समधील ल्योन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून गावांचे ५२ समूह चार गटांत वाटले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. चौथ्या गटातील ३१,४८८ स्त्रियांची या अभ्यासात तपासणी झाली नाही. त्यांना या आजाराची आणि तपासणी कुठे करून मिळते याची माहिती दिली गेली.

२००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची चाचणी झालेल्या ३४,१२६ स्त्रियांमध्ये या कर्करोगाने ३४ मृत्यू झाले आणि चौथ्या गटात ६४. आयुष्यात एकदाच केलेल्या चाचणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. पॅपच्या आणि व्हिनेगरच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. आज जगभर विषाणूच्या चाचणीला प्राधान्य दिले जाते, त्यामागच्या मोठ्या पुराव्यांपैकी एक आमच्या जिल्ह्यातून गेला आहे, आणि जिल्ह्यातल्या फारच थोड्यांना हे माहीत आहे.

मला याचा अभिमान आहे, आणि तरीही तो ६४ चा आकडा मला सोडत नाही. तुम्ही सर्व शब्दांविषयी बोलत आहात. चौथ्या गटातील बाईला कोणत्या शब्दांत सांगितले असते म्हणजे ते योग्य ठरले असते? 'तुमच्या गावाची चिठ्ठी माहितीची निघाली, शेजारच्या गावाची चाचणीची' असे?

संख्यारेषा

सीनाकाठ, तुमचा प्रश्न जगभर विचारला गेला आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये १९९८ पासून चाललेल्या व्हिनेगर-तपासणीच्या अभ्यासावरही हाच आक्षेप होता. तिथे तपासणीच्या गटात ७५,३६० आणि तुलनेच्या गटात ७६,१७८ स्त्रिया होत्या. जेमतेम दहावीपर्यंत शिकलेल्या आणि चार आठवडे प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी तपासणी करत. बारा वर्षांनंतर या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी असल्याचे दिसले. तिकडे उस्मानाबादेत एकदाच केलेल्या व्हिनेगर-तपासणीने फरक दिसला नव्हता आणि इकडे वारंवार केलेल्या तपासणीने दिसला, हेही त्यातून कळले.

आक्षेप घेणाऱ्यांचे म्हणणे असे की पॅपची उपयुक्तता श्रीमंत देशांत अनेक दशकांपूर्वीच सिद्ध झालेली असताना एका गटाला काहीच न देणे चूक होते. अभ्यास करणाऱ्यांचे म्हणणे असे की त्या काळी या स्त्रियांना सरकारी व्यवस्थेतून कोणतीच नियमित तपासणी मिळत नव्हती, तेव्हा तुलनेचा गट म्हणजे नेहमीचीच परिस्थिती होती. दुसरा युक्तिवाद पोकळ नाही. पॅपसाठी लागणारे प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि प्रयोगशाळा खेड्यात नव्हत्या, आणि तिथे काय चालेल हे कोणालाच सिद्ध करता आलेले नव्हते. तरीही मला तो पूर्ण पटत नाही, कारण 'नेहमीची परिस्थिती' ही निसर्गाने दिलेली गोष्ट नव्हती.

सीनाकाठ

शेवटच्या वाक्याबद्दल आभारी आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा अभ्यास केला तेव्हा ३९ गावांत ती सेवा दिली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे निष्कर्ष पुढे देशभर आशा सेविकांच्या कामाचा आधार झाले. तिथेही ४७ गावे होतीच. तुलनेचा गट नको असे मी म्हणत नाही. त्या गटातल्या माणसाला त्याचे काम काय आहे हे सांगणारे वाक्य आपल्याकडे नाही, इतकेच म्हणते आहे. 'नियंत्रण गट' हे शब्द ऐकून तर कोणीतरी कोणालातरी ताब्यात ठेवले आहे असे वाटते.

स्पष्टवक्ता७२

सर्व चर्चा सभ्य आणि सुंदर चालली आहे, म्हणून थोडी कटू आठवण करून देतो. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्हीची लस देण्याचा एक प्रकल्प राबवला गेला. काही मुलींच्या मृत्यूंनंतर २०१० मध्ये तो थांबवला. चौकशीत ते मृत्यू लसीमुळे झाल्याचे आढळले नाही, हे मला मान्य आहे. परंतु संमतीपत्रांचे काय निघाले? आंध्रात अनेक आदिवासी मुलींच्या अर्जांवर पालकांच्या ऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या आणि मुख्याध्यापकांच्या सह्या होत्या. २०१३ मध्ये संसदीय समितीने यावर कडक अहवाल दिला. 'यादृच्छिक'ऐवजी कितीही गोड शब्द शोधलात, तरी सही जर वॉर्डन करणार असेल तर तो शब्द वाचणार कोण?

डॉ_कडुलिंब

स्पष्टवक्ता, आपला मुद्दा रास्त आहे, आणि त्याच घटनेची दुसरी बाजू क्वचितच सांगितली जाते म्हणून सांगतो. ती थांबवण्याची लाट आली तेव्हा दुसराच एक स्वतंत्र अभ्यास चालू होता. त्यात पुणे आणि बार्शीसह नऊ ठिकाणी मुलींना या लसीचे दोन किंवा तीन डोस देऊन तुलना करायची होती. एप्रिल २०१० मध्ये सरकारने त्यातलेही लसीकरण थांबवले आणि चार हजारांहून अधिक मुली एकाच डोसवर राहून गेल्या. संशोधकांनी त्यांना सोडून न देता वर्षानुवर्षे त्यांचा पाठपुरावा केला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत एका डोसचे संरक्षण दोन-तीन डोसांच्या तोडीचे दिसले. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला, त्यामागे जे पुरावे होते त्यांत या मुली आहेत. हा गट मात्र चिठ्ठीने पडलेला नव्हता, सरकारी आदेशाने पडला होता, त्यामुळे संख्यारेषा यांच्यासारखे लोक त्याकडे थोड्या संशयाने पाहतात आणि ते योग्यच आहे.

आता पाणपोई यांच्याकडे वळतो. मी विदर्भात कर्करोगाचे रुग्ण पाहतो. तुमच्या वडिलांचे कागद पाहिलेले नसल्यामुळे निर्णयाबद्दल काही बोलणार नाही. विचारायचे प्रश्न सांगतो.

पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न असा की ट्रायलमध्ये गेलो नाही तर मला कोणते उपचार मिळतील, आणि दुसऱ्या गटात गेलो तर ते उपचार त्याहून कमी असतील का? 'प्रमाणित उपचार' म्हणजे आज या आजारात सर्वत्र दिले जाणारे, माहितीतले उपचार. दुसऱ्या गटाला बहुधा तेच मिळतात. तसे नसेल तर का नाही, हे स्पष्ट विचारा.

'तिसरा टप्पा' म्हणजे मोठ्या संख्येने रुग्ण घेऊन सध्याच्या उपचारांशी केलेली तुलना. पहिल्या टप्प्यात औषध माणसाला सोसते का व किती मात्रेत सोसते हे पाहतात आणि दुसऱ्या टप्प्यात त्याचा गुण येण्याची चिन्हे शोधतात. तिसऱ्यापर्यंत पोचलेले औषधही पुष्कळदा जुन्याहून सरस ठरत नाही, हे आत्याबाईंना सांगा. नवे म्हणजे चांगले, हा समज मी माझ्या सहकाऱ्यांमध्येही पाहतो.

काकांसाठी दोन उदाहरणे आहेत, दोन्ही तोंडाच्या व घशाच्या कर्करोगाची आणि दोन्ही टाटा स्मारक रुग्णालयातील. सुरुवातीच्या टप्प्यातील तोंडाच्या कर्करोगात मानेच्या गाठी आधीच काढाव्यात की त्या वाढल्या तरच काढाव्यात, यावर शल्यचिकित्सकांत कित्येक दशके वाद होता. दोन्ही बाजूंना नामांकित मंडळी होती. चिठ्ठीने दोन गट केले. पहिल्या पाचशे रुग्णांचा हिशेब झाला तेव्हा आधीच गाठी काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के जिवंत होते आणि थांबलेल्यांपैकी ६७.५ टक्के. देखरेख मंडळाने नवे रुग्ण घेणे थांबवायला सांगितले आणि २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. 'थांबून पाहू' म्हणणारे डॉक्टर दुष्ट नव्हते. त्यांना खरोखरच माहीत नव्हते, आणि मी शिकत असताना मलाही 'थांबून पाहू' हेच शिकवले होते.

दुसरे उदाहरण तुमच्या वडिलांच्या अवस्थेच्या अधिक जवळचे आहे. निव्होलुमॅब हे प्रतिकारशक्तीला जागे करणारे औषध आपल्याकडच्या बहुतेक कुटुंबांना परवडत नाही. तेव्हा प्रश्न असा विचारला गेला की प्रचलित मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी, म्हणजे तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम, दिले तर काही उपयोग होईल का? १५१ रुग्णांना दोन गटांत वाटले. दोन्ही गटांना कमी मात्रेतील नेहमीची औषधे मिळाली आणि एका गटाला त्यासोबत हे मिळाले. वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. आपले औषध कमी खपावे म्हणून कोणती कंपनी असा अभ्यास काढेल? गरिबाचा प्रश्न गरिबांच्या रुग्णालयातच विचारला जातो, आणि तो विचारण्यासाठी त्याच रुग्णांना सहभागी व्हावे लागते. काकांचा संशय चुकीचा नाही, पण त्यात ही शक्यताही बसवून पाहा.

उरलेले थोडक्यात. ट्रायलमुळे इजा झाली तर उपचार विनामूल्य मिळायला हवेत आणि इजा ट्रायलशी संबंधित ठरली तर नुकसानभरपाई मिळते. गंभीर घटना घडल्यास मुख्य संशोधकाने ती चोवीस तासांत पुढे कळवायची असते. 'गंभीर प्रतिकूल घटना' यात केवळ मृत्यू नव्हे, रुग्णालयात दाखल व्हावे लागणेही येते, म्हणून दुसरीकडे कुठे दाखल झालात तरी समन्वयकाला फोन करा. कोणत्याही दिवशी कारण न देता बाहेर पडता येते आणि त्यामुळे नेहमीचे उपचार थांबत नाहीत. संमतीपत्राची प्रत मागून घ्या, ती तुमच्या हक्काची आहे. आणि भारतात २००९ पासून प्रत्येक ट्रायलची सीटीआरआय या सार्वजनिक नोंदवहीत नोंद करणे बंधनकारक आहे. कागदावर तो क्रमांक नसेल तर तो आधी विचारा.

पाणपोई

डॉक्टरसाहेब, मनापासून आभार. सीटीआरआयचा क्रमांक पहिल्याच पानावर आहे आणि संकेतस्थळावर नोंदही सापडली. पहिला प्रश्न वडिलांनी स्वतःच्या अक्षरात वहीत लिहून घेतला आहे.

स्पष्टवक्ता७२

डॉक्टरांचे म्हणणे वाचले. वॉर्डनचा मुद्दा तरीही कायम आहे. नव्या नियमांत असुरक्षित गटांतील सहभागींची संमती घेतानाचे ध्वनिचित्रमुद्रण करावे लागते ना? ते कोणी पाहते का?

खडूफळा

नवीन रेणूंच्या, म्हणजे अगदी नव्या औषधांच्या, ट्रायलमध्ये अशा सहभागींसाठी ते बंधनकारक आहे, आणि एचआयव्ही व कुष्ठरोगाच्या औषधांसाठी ओळख उघड होऊ नये म्हणून केवळ आवाज मुद्रित करतात. पाहते का, याचे उत्तर मी माझ्यापुरते देतो: मी आतापर्यंत अकरा पाहिली. त्यांतल्या नऊंमध्ये रुग्ण मान हलवताना दिसतो. दोहोंमध्ये तो प्रश्न विचारतो.

शब्दाचे काय झाले तेही सांगतो, कारण मंगळवारी बैठक होती. मी 'यादृच्छिक', 'दुहेरी अंध' आणि 'हात' हे तीन शब्द काढून पर्याय दिला. प्रायोजकांचे प्रतिनिधी उलट-भाषांतर जुळणार नाही म्हणून अडून बसले. वकीलबाईंनी नियमावर बोट ठेवले की माहिती सहभागीला समजेल अशा भाषेत हवी, इंग्रजीशी जुळेल अशा भाषेत हवी असे कुठेही म्हटलेले नाही. शेवटी हा मजकूर मान्य झाला:

'दोन औषधांपैकी कोणते अधिक चांगले हे आज डॉक्टरांनाही माहीत नाही, म्हणून हा अभ्यास आहे. तुम्हाला कोणते मिळेल हे तुमचे डॉक्टर ठरवणार नाहीत. डोळे मिटून चिठ्ठी उचलावी तसे ते संगणकावर ठरेल. जुने औषध मिळणाऱ्यांचा सहभाग नवे मिळणाऱ्यांइतकाच महत्त्वाचा आहे, कारण त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय नवे औषध खरेच चांगले आहे का हे कळणार नाही. कोणाला काय मिळाले हे अभ्यास संपेपर्यंत तुम्हाला आणि डॉक्टरांना सांगितले जाणार नाही. जिवाला धोका असल्यास ते ताबडतोब उघड केले जाईल.'

चौथे वाक्य सीनाकाठ यांच्यामुळे आले. 'नियंत्रण गट' गेला आणि त्या जागी 'ताडून पाहण्याचा गट' आला. मांडवीतीर यांची धास्ती लक्षात ठेवून चिठ्ठी 'संगणकावर' ठरते असे मुद्दाम लिहिले आहे, म्हणजे देवाकडे बोट जाणार नाही.

सीनाकाठ

'ताडून पाहण्याचा गट' चांगला आहे. १९९९ साली असता तर बरे झाले असते.

संख्यारेषा

पहिल्या वाक्याबद्दल विशेष अभिनंदन. 'डॉक्टरांनाही माहीत नाही' हे लिहायला आमच्याकडचे लोकही कचरतात. एक सूचना आहे: मजकूर छापण्यापूर्वी दहा-बारा जणांना वाचायला देऊन 'तुमचे औषध कोण ठरवणार?' एवढेच विचारून पाहा. किती जण 'डॉक्टर' म्हणतात ते मोजा. जुन्या मजकुरावरही तेच करा.

खडूफळा

दोन्ही मजकूर घेऊन उद्या बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत बसतो. कोणाला कोणता द्यायचा हे अर्थातच चिठ्ठीने ठरवीन.

पाणपोई

उशिरा लिहिते आहे, क्षमस्व. वडिलांनी काल सही केली. त्यांनी वहीतला प्रश्न विचारला आणि ट्रायलमध्ये न जाणाऱ्यांना जे उपचार मिळतात तेच दुसऱ्या गटालाही मिळतात असे उत्तर मिळाले. आमच्या ट्रायलमध्ये कोणते औषध चालू आहे हे लपवलेले नसते, कारण एक गोळी आहे आणि दुसरे सलाइनमधून द्यायचे आहे. आज संगणकाने गट सांगितला. वडील ताडून पाहण्याच्या गटात आहेत. आत्या रडली. काका 'मी म्हणालो नव्हतो का' असे म्हणाले, पण नेमके काय म्हणाले होते ते त्यांना आठवेना. वडील तेवढे शांत होते. परतताना बसमध्ये म्हणाले, "जुन्या गाडीचा निदान आवाज तरी ओळखीचा असतो."

पुढची तारीख एकवीस दिवसांनी आहे. प्रवासखर्च मिळणार असल्याने समन्वयक सिस्टरांनी एसटीची तिकिटे जपून ठेवायला सांगितली आहेत. ते मात्र वडिलांना सांगायची गरज नव्हती.